शिरूर नावानं लागेना

माझ्या आईला आधार कार्डावर नाव आहे, पण त्या नावानं तिला आजवर कुणी हाक मारली नाही. मारून उपयोगही नव्हता. आई जन्मापासून बहिरी, वडीलही तसेच होते. त्यांच्या माणसांत, म्हणजे दौंडातल्या ऐकू न येणाऱ्या मंडळींत, प्रत्येकाची एक खूण असते आणि तीच त्याचं नाव. आईच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आहे, म्हणून बोटाचं टोक हनुवटीला टेकवलं की ती आई. माझी हनुवटी हुबेहूब तिच्यासारखी आहे, फक्त गोंदण नाही.

माझी खूण कानाची. ही मंडळी दर रविवारी दौंड स्टेशनाबाहेर जमतात, मी फ्रॉकात होते तेव्हापासून जमतात. कुणाला गाडी धरायची असायची, आणि फलाट बदलल्याचं भोंग्यावरून सांगितलं तर यांना कसं कळणार? मग मला मध्ये उभं करायचे. घोषणा झाली की मी हातांनी सांगायची, पलीकडं पळा, गाडी तिकडं लागतीय. त्यावरून माझं नाव पडलं. कानाची पाळी चिमटीत धरून जराशी ओढली, की ती मी.

लहानपणी मला या नावाचा फार तोरा होता. पुढं त्याचाच वैताग आला. रेशनच्या दुकानात मी, बँकेत मी, दवाखान्यात मी, घरमालकाशी भांडायलाही मीच. शाळेत बाई माझी तक्रार करायच्या तीसुद्धा आईला मीच सांगायची, अर्थात निम्मी. ओळखीच्या बहिऱ्या बाया उठल्यासुटल्या मला ओढून न्यायच्या. दहावी झाल्यावर मी स्टेशनावर जाणं सोडलं. घरात आईशी हात चालतात ते चालतात, बाहेर मी हात आवरून असते. कामावर तर कुणाला पत्ताच लागू दिला नाही. का सांगू? सांगितलं की लोक आधी कीव करतात आणि मग काम सांगतात.

काम माझं नेटवर्कचं. शिक्रापूरला एका छोट्या एजन्सीत आहे, तिथंच हायवेच्या कडेला खोली घेतलीय. दोन ठिकाणची माणसं पडद्यावर समोरासमोर आणायची असली की आम्ही व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉलची, मशीनं बसवतो, आणि ती बंद पडली की शिव्या खात चालू करतो. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके माझ्याकडं. स्कूटरवर फिरून फिरून कंबर कामातून गेलीय आणि स्वभाव मुळातलाच तिरसट, त्यामुळं सगळीकडं माझ्याबद्दल बरं बोलतात असं काही नाही.

त्यातलं एक काम मात्र मी हट्टानं मागून घेतलं होतं. दौंडातल्या एका दवाखान्यात आणि शिरूरकडच्या बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत एकेक मशीन बसवायचं होतं. दवाखान्यात बहिरा पेशंट आला की शाळेतल्या बाई पडद्यावर येणार, डॉक्टरांचं बोलणं हातांनी पेशंटला सांगणार आणि पेशंटचं डॉक्टरांना. मशीन चालू झालं त्या दिवशी मी खुशीत घरी पेढे नेले होते. आईनं विचारलं कशाचे, तर म्हटलं पगारवाढीचे. मनात म्हणत होते, सुटले बाई. आता कुठल्या पोरीला फ्रॉक घालून डॉक्टरपुढं उभं राहावं लागणार नाही, आणि मलाही नाही.

बसवताना मी एक शहाणपणा केला. ही मशीनं एकमेकांना नावानं बोलावतात. दौंडच्या मशीननं 'शिरूर' म्हटलं की ते आधी आमच्या सर्व्हरला विचारतं, शिरूरचा नंबर काय? उत्तर आलं की मग फोन लागतो. हे विचारणं जरा रेंगाळायचं. मला कुठला दम धरवतोय? मी दौंडच्या मशीनमध्येच हातानं भरून टाकलं की शिरूर म्हणजे हा नंबर, विचारायला जाऊच नको. फोन चुटकीसरशी लागायला लागला. सगळे खूश झाले आणि मी ते केल्याचं विसरूनही गेले.

मागच्या उन्हाळ्यात एके सकाळी दवाखान्यातून फोन आला. शिरूर लागत नाही, पेशंट ऑपरेशनला घ्यायचाय, लगेच या. मी वरवंडला एका कामावर होते, तशीच निघाले.

पेशंट म्हणजे चाळिशीच्या एक मावशी, दौंडातच ब्लाउज शिवायच्या. लग्न होऊन दौंडात आलेल्या आणि मी स्टेशनावर जाणं सोडल्यानंतर त्या मंडळीत मिसळलेल्या, त्यामुळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साखरेनं त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ताप चढत होता. डॉक्टर म्हणाले, बोटं आजच काढली नाहीत तर विष वर सरकेल. नवरा ऐकणारा, हातांची भाषा त्याला जेमतेमच; त्यानं सही करून दिली होती आणि तो औषधं आणायला धावत होता. पण डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "त्या पायावर त्यांचं शिलाई मशीन चालतं. आत नेण्याआधी त्यांना त्यांचं त्यांना कळू दे. मी थोडं थांबतो."

एवढीच गोष्ट होती. आत जाण्याआधी एका बाईला कळायचं होतं की आपली बोटं जाणार आहेत. मावशींना सहीपुरतंच लिहिता येत होतं. शिरूरच्या बाईंना मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून झाला होता, पण त्या जाड भिंतींच्या आत चित्र सारखं अडकायचं. आवाज तुटला तर कानाला पुढचा अंदाज तरी येतो. हात अडकले की काही म्हणता काही कळत नाही. मावशींबरोबर त्यांची जाऊ होती. तिनं मावशींचा पाय दाखवला, चिमटीनं 'एवढंसं' केलं, हवेत हात झटकला आणि अंगठा वर केला. मावशींनीही हसून अंगठा वर केला.

जाऊ मला म्हणाली, उगं कशाला सांगायचं, घाबरून जाईल ती. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मी केबल बघितली, स्विच बघितला, इंटरनेट बघितलं. सगळं जागच्या जागी. मशीनवरूनच शिरूरला नावानं साद घातली, उत्तर नाही. म्हटलं, झालं, शिरूरवाल्यांनीच घोळ घातलाय. शाळेतल्या बाईंना फोन लावला. त्या बिचाऱ्या सांगायला लागल्या की आमचं तर चालू दिसतंय, मागं आमच्याकडं ते नवीन... मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, बाई, आधी मशीन बंद करून चालू करा, मग बोला. त्यांनी केलं. परत साद घातली, उत्तर नाही. मग केबल काढून लावायला लावली. मग परत बंद आणि चालू. माझा आवाज चढत चालला होता आणि त्या मुकाट्यानं सांगेन ते करत होत्या.

मशीन बंद करून चालू होईपर्यंत मध्ये जो वेळ जातो, त्यात आमच्या हाताला काही काम नसतं. नुसतं पडद्याकडं बघत बसायचं. तशी मी बसले होते आणि समोर स्ट्रेचरवरच्या मावशींनी माझं लक्ष वेधायला हात हलवला.

मी मान वर केली. मावशींनी माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग बोटाचं टोक आपल्या हनुवटीला टेकवलं, माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, तिची मुलगी?

मला सगळं कळलं. आईचं नाव घेतलं होतं त्यांनी. माझे दोन्ही हात मोकळे होते. तीन खुणांचं काम होतं. पाय, दोन बोटं, कापणार. वय वर्षं सहापासून मी यापेक्षा अवघड गोष्टी सांगत आले होते.

मी तळहात हलवला, मला कळत नाही असं दाखवलं, आणि मशीनकडं बोट केलं.

हा तळहात माझ्या आईला आयुष्यभर लोकांनी दाखवलाय. दुकानदारांनी, कंडक्टरांनी, बँकेतल्या पोरांनी. मला त्याची इतकी चीड की लहानपणी मी एका कंडक्टरला चावले होते. आणि त्या दिवशी तो माझ्याच हातून झाला, काही विचार न करता, सवय असल्यासारखा.

का केलं, याची मी पुष्कळ उत्तरं स्वतःला दिलीत. अंगात एजन्सीचा टी-शर्ट होता, समोर डॉक्टर होते. आईची भाषा घरगुती, त्यात दवाखान्याचं काही चुकलं तर? हे सगळं खरं आहे आणि सगळं बहाणा आहे. मला वाटलं, एकदा का हात उचलला की परत मीच. आज ही, उद्या दुसरी, पुन्हा प्रत्येक स्ट्रेचरशेजारी कान ओढून मलाच उभं करणार. आणि वाटलं, मशीन लागेलच की आता. दोन मिनिटांत लागेल. डॉक्टर येऊन विचारायचे, अजून किती वेळ, मी म्हणायची दोन मिनिटं.

मावशींनी छातीवर हात ठेवून माफी मागितली, चुकलं म्हणून. मग पडून राहिल्या.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता नाही थांबता येणार." ताप वाढला होता. स्ट्रेचर हललं. मावशी जाताना जावेकडं बघून हसत होत्या, एवढंसंच तर आहे.

स्ट्रेचर दाराआड गेल्यावर शिरूरच्या बाईंनी फोनवर पुन्हा धीर केला. म्हणाल्या, मॅडम, मगाशी सांगत होते, आमच्याकडं नवीन इंटरनेट बसवलंय, तो माणूस म्हणाला होता की नंबर बदललाय म्हणून, कळवलंय त्यानं तुमच्या ऑफिसला. सर्व्हरवर शिरूरचा नवीन नंबर कधीच आला होता. सगळ्या जगाला ठाऊक होता. दौंडचं मशीन तेवढं विचारायला जात नव्हतं, कारण मी त्याला जुना नंबर पढवून ठेवला होता. ते इमानदारीत जुन्या पत्त्यावर हाका मारत बसलं होतं. मी भरलेला नंबर पुसला आणि 'शिरूर' लावलं. लगेच लागलं.

पडद्यावर बाई आल्या, स्वच्छ दिसत होत्या, हात पुढं धरून तयार. त्यांनी विचारलं, पेशंट कुठाय? मी मागं बघितलं. बाकाखाली मावशींच्या चपला होत्या. मी कॅमेऱ्यापुढून बाजूला झाले. मशीन दुरुस्त झाल्याची सही घेतली आणि निघून आले. त्या शुद्धीवर येईपर्यंतसुद्धा मी थांबले नाही.

त्यानंतर मी दौंडला घरी जायचं टाळत होते. कामाची कारणं सांगत होते. आईला व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायची आणि लवकर ठेवायची. पण एका रविवारी जावंच लागलं. आईचं इस्त्रीचं टेबल आहे. तिला बोलायचं म्हणजे इस्त्री ठेवावी लागते, म्हणून कामाच्या वेळी ती फार बोलत नाही. त्या दिवशी मला बघताच तिनं इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि पदराला हात पुसले. म्हणजे गोष्ट मोठी होती.

आई सांगायला लागली. शिलाईवाली एक मैत्रीण आहे. तिला काही न सांगता आत नेलं. शुद्धीवर आल्यावर तिला वाटलं जखमेला पट्टी बांधलीय. पट्टी बदलताना तिनं पाहिलं तर दोन बोटं नाहीत. ती ओरडली, तिला वाटलं चुकून कापली. मग म्हणाली, तिथं मशीनवर एक मुलगी होती. अगदी तुझ्यासारखी दिसत होती म्हणे. तिला वाटलं तूच. मी तिला म्हटलं, शक्यच नाही. माझी मुलगी असती तर तिनं सांगितलं असतं.

आईला माझं काम कॉम्प्युटरचं, एवढंच माहीत आहे. मी तिच्यापुढं उभी होते. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, तिला वाटलं मला राग आलाय. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, चल, आपण तिला भेटायला जाऊ. डॉक्टरांनी काहीतरी नवीन सांगितलंय, घरचे तिला पत्ता लागू देत नाहीत. तू ऐक आणि तिला सांग.

मी डोकं दुखतंय म्हटलं. आईनं झंडू बाम लावला आणि घेऊन गेली.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मी दारात आले आणि त्यांनी मला ओळखलं. ओळखलं हे मला पक्कं कळलं, कारण त्यांची नजर आधी माझ्या तोंडावर आली आणि मग थेट माझ्या हातांवर. आईनं मोठ्या कौतुकानं माझं नाव सांगितलं. कानाची पाळी धरून ओढली आणि म्हणाली, ही माझी.

मावशी आईला म्हणाल्या, हिला आज पहिल्यांदाच बघतेय. तुझ्यासारखीच दिसते.

जाऊ पाणी घेऊन आली. मला बघून तिचा तांब्या हातातच राहिला. तिथंच, त्या दोघींच्या देखत, ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही त्या मशीनवाल्या ताई न्हाई का? तुमाला येतं हे हातानं बोलायचं?"

आई हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं चहाचं विचारतायत. खोलीत आम्ही चौघी, आणि ऐकलं फक्त मी.

"येतं," म्हटलं.

"मग त्या दिवशी..." जाऊ म्हणाली आणि तिनं तांब्या खाली ठेवला.

मग तिनं खाली बसून मला डॉक्टरांचं सांगितलं. जखम भरत नाही. राहिलेली बोटं आणि पुढचा पंजा काढावा लागेल, येत्या आठवड्यातच. नवऱ्याला माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि हात जोडून म्हणाली, "ताई, हिला सांगू नगा. जेवायची न्हाई ती. त्या दिवशी न्हाई सांगितलं, तसंच आज बी राहू द्या."

मावशी आमच्या तोंडांकडं बघत होत्या. एकदा हिच्या, एकदा माझ्या. बहिरं माणूस दोन ऐकणाऱ्यांच्या मध्ये बसून कसं बघतं, ते मी जन्मभर पाहिलंय. त्यांनी मला विचारलं, काय म्हणते?

मी त्यांच्या समोर खाली बसले, हात दिसतील अशी, आणि सांगितलं. सगळं सांगितलं. किती काढणार, कधी, का. हात जड झाले होते, पण अडले नाहीत. जाऊ उठून आत गेली. मावशींनी एकदाच मध्ये थांबवून विचारलं, पायडल मारता येईल? मी म्हटलं, मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारते. तिथल्या तिथं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, त्या पायानं नाही, डाव्यानं सवय करावी लागेल, नाहीतर मोटर बसवून घ्या. तेही सांगितलं. मावशींनी चादरीखालच्या मशीनकडं बराच वेळ पाहिलं. रडल्या नाहीत. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग मावशी आईकडं वळल्या आणि म्हणाल्या, त्या दिवशी दवाखान्यात ती मुलगी होती ना, मशीनवाली. तिला आपली भाषाच येत नव्हती. बिचारी, ती तरी काय करणार?

हे आईला सांगत होत्या, पण बघत माझ्याकडं होत्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

आई लगेच म्हणाली, मी म्हटलं नव्हतं का? आणि माझ्याकडं बघून तिनं पुन्हा कान ओढला. अभिमानानं नुसती फुलली होती ती.

निघताना मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, आत नेतील तेव्हा मशीन नको. तू ये. मी हो म्हटलं. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकली आणि स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत गेले, आणि त्या शुद्धीवर आल्या तेव्हा समोरच उभी होते. आता दवाखान्यातून अधूनमधून मला बोलावणं येतं, मी जाते. दौंडच्या मशीनमध्ये आता नावापुढं काही भरलेलं नाही, ते प्रत्येक वेळी विचारूनच फोन लावतं, थोडं रेंगाळतं.

आईला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी ती मला स्टेशनावर घेऊन जाते, नवीन कुणी आलं की माझी ओळख करून देते, आणि मावशी तिथंच शेजारी काठी टेकून उभ्या असतात.